भांडी वजनावर मिळायची तेव्हा

तवा चांगला की वाईट हे ठरवायचं असेल, तर त्यावर ओला बोंबील टाकावा. सुरमईची तुकडी कुठल्याही तव्यावर निभावून जाते. बोंबलाच्या अंगात मात्र मांसापेक्षा पाणी जास्त, काटा मऊ आणि कातडी नावापुरती. तवा नीट तापलेला नसला किंवा त्यात तेल मुरलेलं नसलं, की बोंबील असा धरून बसतो की उलथताना पीठ तव्यावर राहतं आणि लगदा उलथण्यावर येतो. आमच्या नवापुरात नव्या सुनेचा हात बोंबलावरून जोखला जायचा. तुकडे अखंड उतरले तर सासू काही बोलायची नाही, आणि तिचं काही न बोलणं हीच शाबासकी.

हे नवापूर पालघर जिल्ह्यातलं, नंदुरबारकडचं नव्हे. बोईसरला उतरून समुद्राच्या दिशेनं निघालं की रस्ता जिथे वाळूला लागतो तिथे आमचं गाव. सुरूची झाडं, वलांड्यांवर दोन-दोन जबड्यांनी अडकवलेले बोंबील, आणि वर्षाचे बारा महिने खारी हवा. या खाऱ्या हवेचा भांड्यांशी काय संबंध ते पुढे येईलच.

सत्तरच्या दशकातलं आमचं स्वयंपाकघर मला आजही डोळे मिटून फिरता येईल. चुलीपाशी मातीची खापरी, ती तांदळाच्या भाकरीसाठी. बिडाचे तवे दोन, एक घावनाचा आणि एक मासळीचा, आणि त्यांची अदलाबदल झाली तर आजी घर डोक्यावर घ्यायची. कालवणाला पितळी टोप, भाताला मोठं पातेलं, आणि नंतर कधीतरी आलेली हिंडालियमची दोन पातेली. सरपण म्हणजे सुरूच्या काटक्या आणि वाळलेली बोंडं. ती भुरुभुरु पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून आच सारखी पुढे-मागे करावी लागे. बाईच्या हाताला आगीचा अंदाज असायचा तो असा आलेला.

नवा बिडाचा तवा बाजारातून आला की थेट चुलीवर चढत नसे. आधी विटेच्या तुकड्यानं घासून त्याची काळी कीट काढायची. मग भाताच्या पेजेत तो रात्रभर बुडवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी धुऊन, कोरडा करून, मंद आचेवर ठेवायचा आणि अर्धा कांदा तेलात बुडवून त्याच्यावरून फिरवत राहायचं. कांदा काळा पडला की चकती कापायची, पुन्हा फिरवायचा. पहिली घावनं मोडायचीच. ती आम्हा मुलांच्या वाट्याची. असं करता करता महिन्या-दोन महिन्यांत तव्यावर काळी, रेशमासारखी झाक यायची. तेल तापून लोखंडाच्या बारीक छिद्रांत घट्ट बसतं आणि त्याचा कडक थर होतो, एवढाच त्यामागचा कारभार. आजीला हे शास्त्र कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तव्याला साबण लावू देत नसे ते याचसाठी. घरात न चिकटणारा तवा होता. तो विकत मिळत नव्हता, करावा लागत होता.

पितळेची तऱ्हा निराळी. आमच्या कालवणात चिंच, कोकम नाहीतर कैरी पडणारच, आणि पितळेला आंबट लागलं की ते कळकतं. म्हणून कल्हई पाहिजेच. गणपतीच्या आधी कल्हईवाला यायचा. गावात झाडाखाली खड्डा करून भाता लावायचा, आणि आम्ही शाळा विसरून त्याच्याभोवती उभे. भांडं निखाऱ्यावर लाल होत आलं की तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर नाकात जायचा, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सरसर पुसत न्यायची. काळवंडलेला टोप आतून चांदीसारखा व्हायचा. शेवटी पाण्याच्या बादलीत बुडवला की चर्र आवाज. कथलाचा तो पातळ थर वर्षभर टिकायचा, आणि गेला की कल्हईवाला परत आलेला असायचा.

भांडी घ्यायची ती पालघरच्या नाहीतर चिंचणीच्या दुकानातून, तीही तागडीवर तोलून. दुकानदार आधी वजन सांगायचा, मग भाव. टोप जड की हलका यावरून घरची ऐपत कळायची. जुनं भांडं नेलं तर त्याची मोड मिळायची, म्हणजे पितळ हे एका परीनं घरातलं सोनंच होतं. बोट दुरुस्तीला काढली, जाळी घ्यायची झाली, की माळ्यावरचं एखादं घंगाळ गुपचूप दुकानात जायचं. आणि घेतलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालायचं. ठोक्याठोक्यानं ठिपके पाडून वडलांचं नाव, गाव आणि साल. लग्नकार्यात गावभरची पातेली एका मांडवात जमायची. दुसऱ्या दिवशी बायका ती उलटी करून नावं वाचत ज्याची त्याला परत द्यायच्या. माझ्या आत्याच्या लग्नातलं एक पातेलं आजही आमच्याकडे आहे. त्याच्या काठावरचं साल बोटाला लागतं. नॉनस्टिकच्या भांड्यावर कुणी नाव घालत नाही, घालताही येत नाही, आणि ते कुणी कुणाला लग्नाला उसनंही देत नाही. मला या बदलाचं वाईट वाटतं.

आमच्या भागाचं नशीब बदललं ते अणुवीज केंद्रामुळे. तारापूरचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, आणि त्यामागोमाग औद्योगिक वसाहत वाढली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद. बोईसर हे तोवर गाडी थांबते म्हणून ओळखीचं स्टेशन होतं. तिथे देशभरातली माणसं राहायला आली. केंद्राच्या कॉलनीत तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी कुटुंबं. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन तिथे मासळी विकायला जायची. बंगाली घरं ताज्या मासळीचा भाव करत नाहीत, हे तिचं आवडतं मत.

त्या कॉलनीत आईनं पहिल्यांदा नॉनस्टिक तवा पाहिला. एका दाक्षिणात्य बाईंच्या ओट्यापाशी ती पापलेट साफ करून देत होती आणि बाई डोसे घालत होत्या. पीठ ओतलं, पळीनं फिरवलं, तेलाचा थेंब नाही, आणि डोशाच्या कडा आपणहून वर आल्या. आई बघतच राहिली. तिनं विचारलं, “ताई, याला कल्हई कुणी केली?” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “ही कंपनीतूनच येते, मावशी.” आईचा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ती म्हणाली, “आणि ही निघाली म्हणजे? मग कुणाकडे द्यायची?” बाईंना उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर आईनं डोशाचं कौतुक दहादा सांगितलं, पण तो प्रश्नही दहादा सांगितला.

त्या तव्यावर ज्या पदार्थाचा थर होता, त्याची गोष्टही वजनापासूनच सुरू होते. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे रसायनतज्ज्ञ शीतकरणाच्या वायूंवर काम करत होते. एका नळकांड्यातून वायू येईना. चावी उघडी, तरी काही बाहेर पडत नाही. पण नळकांडं तोलून पाहिलं तर भरलेल्याइतकंच जड. वजन खोटं बोलत नाही, म्हणून त्यांनी ते कापलं. आत पांढरी, गुळगुळीत भुकटी होती. वायूचे रेणू एकमेकांना जोडून त्याची लांब साखळी झाली होती. कार्बन आणि फ्लोरीन यांची ही जोडी इतकी घट्ट, की तिसऱ्या कशालाही ती जवळ येऊ देत नाही. पुढे टेफ्लॉन नावानं ती जगाला कळली. तिचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात झाला. युरेनियमचा जो वायू सगळं काही खाऊन टाकायचा, त्याच्या नळ्यांच्या झडपांना आणि सांध्यांना हीच भुकटी टिकली. अणूच्या कामात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलेली वस्तू आमच्या गावाला अणुकेंद्राच्या कॉलनीतून दिसावी, हा योगायोग आहे खरा.

स्वयंपाकघरात ती आणली फ्रान्सच्या मार्क ग्रेगॉर यांनी. हे गृहस्थ मासेमारीचे हौशी, आणि गळाच्या साहित्यासाठी या पदार्थाचा उपयोग करत होते. हे माझ्या भांड्यांना लाव, असं त्यांच्या पत्नीनं सुचवलं असं सांगतात. त्यातून १९५६ मध्ये टेफाल कंपनी उभी राहिली. मासेमारीतून तवा निघाला, याचं नवापूरच्या माणसाला तरी नवल वाटू नये.

आणि आपल्याकडे हे काम मराठी माणसानं केलं. १९६८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबानं ‘निर्लेप’ सुरू केली. परदेशी नावांच्या त्या दिवसांत असं शुद्ध नाव घेऊन मराठवाड्यातला कारखाना देशभर तवे विकू लागला. आमच्या पिढीसाठी नॉनस्टिक तवा आणि निर्लेप हे एकच होतं. दुकानात जाऊन बायका “निर्लेप द्या” म्हणायच्या, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. २०१८ मध्ये ही कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सनं घेतली. खोक्यावरचं नाव तेच राहिलं, पण बातमी वाचली तेव्हा मला घरातलं कुणी दूरगावी गेल्यासारखं झालं.

आमच्या घरी तो तवा आला तो माझा मोठा भाऊ औद्योगिक वसाहतीत कामाला लागल्यावर, त्याच्या पहिल्या बोनसमधून. गॅसही त्याच सुमारास आला. चूल पडवीत गेली, बिडाचा तवा तिच्या मागोमाग. नव्या तव्याचा थाट काय वर्णावा! त्याच्यासोबत लाकडी उलथणं आलं होतं, ते कुणी दुसऱ्या भांड्याला लावायचं नाही. तवा आईच घासणार, तोही जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं. खिळ्याला अडकवताना मधे कापड. पाहुणे आले की आई घावन घालायची आणि तव्यावर काही चिकटत नाही हे दाखवायला तेलाची वाटी मुद्दाम लांब सरकवायची. त्या राखणीमुळे तो तवा इतका टिकला की नंतर घेतलेले तवे त्याच्यापुढे कमीच पडले. तो तवा जाड होता हे एक कारण, आणि आई त्याला जपायची हे दुसरं. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

आता चित्र उलटं झालं आहे. गेल्या वर्षी माझ्या भाचीनं बोईसरला नवा फ्लॅट घेतला आणि मला म्हणाली, “मावशी, भांड्यांचा सेट घ्यायचाय, चल.” नवापूर नाक्याच्या बाजूला भांड्यांचं एक मोठं दुकान आहे, तिथे गेलो. एक अख्खी भिंत सेटच्या खोक्यांनी भरलेली. तीन नग, पाच नग, सात नग. दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत. भाचीचा डोळा सात नगांवर, कारण भागाकार केला तर एक नग सर्वांत स्वस्त तिथे पडत होता. खोकं उघडायला लावलं. सात नगांत दोन काचेची झाकणं, एक नायलॉनचं उलथणं आणि एक घासणी मोजलेली. उरली तीन भांडी, आणि त्यातलं दुधाच्या कपाएवढं एक पातेलं आमच्या घरात कशालाही लागलं नसतं.

इथे माझं मत ठाम आहे. सेट घेऊ नये. आपल्या घरात रोज काय शिजतं ते बोटांवर मोजावं आणि तेवढंच भांडं घ्यावं. आमच्याकडच्या स्वयंपाकात नॉनस्टिकचं खरं काम दोनच ठिकाणी आहे: बोंबील-मांदेलीसारखी नाजूक मासळी तळताना, आणि घावन-आंबोळी घालताना. कालवणाला त्याचा काही उपयोग नाही. रस्सा कशालाच चिकटत नाही, त्याला स्टीलचा नाहीतर हिंडालियमचा टोप पुरे. भात कुकरमध्ये होतो. आणि तांदळाची भाकरी तर या तव्यावर करूच नये. भाकरीला तवा कोरडा आणि कडकडीत लागतो, आणि नॉनस्टिकचा खरा वैरी कोरडी आचच आहे.

ही आच नेमकी किती, ते एकदा नीट समजून घेतलं की पुष्कळ भीती आणि पुष्कळ निष्काळजीपणा दोन्ही जातात. पाणी १०० अंशांना उकळतं. तळण साधारण १८० अंशांच्या आसपास चालतं. नॉनस्टिकचा थर २६० अंशांपर्यंत शांत असतो. त्यापुढे तो खराब होऊ लागतो आणि ३५० च्या वर गेला तर त्यातून निघणारा धूर बाधतो. माणसाला ताप-कणकणी येते, आणि घरात पिंजऱ्यात पक्षी असेल तर तो जिवानिशी जातो. तव्यावर तेल किंवा पदार्थ असला की तिथवर सहसा कुणी जात नाही. पण रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवून फोन घ्यायला गेलं, तर काही मिनिटांत तो टप्पा येतो. म्हणून तवा ठेवण्याआधी पीठ तयार हवं, गॅस मध्यम हवा, आणि तळल्यावर गरम तव्यावर थंड पाणी ओतायचं नाही. चर्र आवाज पितळी टोपाला शोभायचा. इथे त्यानं पातळ पत्रा वाकतो, मग तो शेगडीवर डोलत राहतो आणि तेल एका कडेला जमतं.

दुकानात भाचीला मी खोक्यावरची जाहिरात वाचू दिली नाही. आधी तवा हातात घ्यायला लावला. पूर्वीची तागडी गेली तरी मनगट आहेच. पत्रा तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असेल तर तवा हाताला जाणवतो आणि आच सगळीकडे सारखी पसरते. पातळ तवा मधोमध करपवतो आणि कडेला कच्चा ठेवतो. मग दुकानाच्या काचेच्या टेबलावर तवा ठेवून एका बोटानं काठ दाबायचा. डोलला तर परत द्यायचा. मूठ रिवेटची की स्क्रूची ते बघायचं. स्क्रूची मूठ ढिली होते पण घट्ट करता येते आणि बदलताही येते, म्हणून मला ती आवडते. रिवेटची मूठ मजबूत, पण आतल्या बाजूला रिवेटच्या डोक्याभोवती मसाला अडकून बसतो. इंडक्शनची शेगडी असेल तर फ्रीजवरचं चुंबक सोबत न्यायचं आणि बुडाला लावून बघायचं. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही. बुडाला पोलादाची चकती बसवली असेल तरच धरेल. आयएसआयची खूणही बघायची. ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या भांड्यांना ती बंधनकारक करण्याचा आदेश सरकारनं २०२४ मध्ये काढला आहे.

विक्रेता मुलगा मोठा उत्साही होता. त्यानं ग्रॅनाइटचा तवा पुढे केला. त्यात दगड नसतो, वरच्या थरावर ठिपके असतात, आणि बहुतेक वेळा थर तोच जुना असतो. सिरॅमिकचा म्हणून मिळतो त्याचा थर मात्र वेगळा, वाळूतल्या सिलिकाच्या जातीचा. तो जास्त आच सोसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो. बोंबलासाठी घ्यायचा तर तो मी घेणार नाही. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग विजेच्या प्रक्रियेनं कठीण केलेला. ते भांडं दणकट असतं, पण नुसत्या त्यानं चिकटणं थांबत नाही. वर पुन्हा थर असेल तरच. भाचीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पूर्वी भांड्याची पारख घरातल्या बाया एकमेकींना शिकवायच्या, आता खोक्यावरची इंग्रजी शिकवते.

त्याच खोक्यावर ‘पीएफओए-मुक्त’ असा हिरवा शिक्का होता. या शिक्क्यामागची गोष्ट आमच्या गावाच्या माणसानं तरी वाचून सोडून देऊ नये. पीएफओए हे नॉनस्टिकचा थर तयार करताना पूर्वी कारखान्यात वापरलं जाणारं रसायन. भट्टीत थर भाजला जातो तेव्हा ते जवळपास उडून जातं, त्यामुळे तव्यातून पोटात जाण्याचा धोका फारसा नव्हता. धोका होता तो कारखान्याशेजारच्या गावांना. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ हे रसायन वर्षानुवर्षं नदीत आणि जमिनीत गेलं, लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं, आणि तिथल्या एका शेतकऱ्याच्या गाई मरू लागल्या तेव्हा रॉबर्ट बिलॉट या वकिलानं ते प्रकरण न्यायालयात नेलं. पुढे तज्ज्ञांच्या समितीनं मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी त्याचा संबंध असावा असा निष्कर्ष काढला. बड्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत ते गेलं. म्हणून आज त्या शिक्क्याला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. नामांकित कंपन्यांची भांडी आता तशीच असतात.

हे सांगताना मला आमचा किनारा आठवल्याशिवाय कसा राहील? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. त्यात कुठलं रसायन किती, हा माझा विषय नाही आणि तव्याच्या रसायनाशी त्याचा संबंध मी जोडत नाही. पण शहरातल्या वस्तूची खरी किंमत तिच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्यानं मोजायची, ही गोष्ट नवापूरला समजावून सांगावी लागत नाही. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादानं प्रदूषणाबद्दल भरपाई ठरवली. आमच्या आयाबायांनी पितळेला कळकू दिलं नाही, कारण कळकलेलं घरातच दिसायचं. दूर कुठेतरी कळकतं ते दिसत नाही, म्हणून त्याची खबर जास्त ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी भाचीला सगळं नॉनस्टिक फेकून दे आणि बिडाकडे परत जा, असं सांगितलं का? नाही. बिडाचा तवा मला प्रिय आहे, बोंबलाला त्याच्यावर येतो तसा खरपूसपणा नॉनस्टिकवर येत नाही, हेही मी कुणाच्याही समोर म्हणेन. पण नवापूर-बोईसरच्या खाऱ्या हवेत रोज न वापरलेला बिडाचा तवा एका पावसाळ्यात गंजतो. तो रोज चुलीवर चढायचा, रोज तेल प्यायचा, म्हणून टिकायचा. भाचीची नोकरी लोकल गाडीच्या वेळेवर चालते; डहाणूपर्यंत लोकल झाली २०१३ मध्ये, तेव्हापासून बोईसरच्या बायका सकाळी गाडी धरून विरारच्याही पुढे कामाला जातात. तिच्या घरी मासळी आठवड्यातून एकदा-दोनदा. तिला रविवारी बोंबील अखंड उतरवून देणारा आणि बाकी दिवस मुकाट्यानं टांगून राहणारा तवा हवा, आणि ते काम नॉनस्टिक चांगलं करतं.

बोंबलाची पूर्वतयारी तिला शिकवली, कारण नुसत्या तव्यानं भागत नाही. पोट साफ करून, काटा न काढता बोंबील उभा चिरून उघडायचा, सुती फडक्यात ओळीनं ठेवायचा आणि वर पाटा ठेवून पाणी निघू द्यायचं. आमच्याकडे पाट्याखाली दाबलेल्या बोंबलाचं फडकं पिळलं की वाटीभर पाणी निघायचं. तिच्याकडे पाटा नाही, म्हणून तिनं पोळपाटावर पाण्यानं भरलेला कुकर ठेवला. ते तितकंच चांगलं चाललं. मग आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, आणि तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर सोडायचा. एक बाजू लाल होऊन कड सुटेपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम बिडाच्या तव्याचा, तरी नॉनस्टिकवरही तो पाळावा.

शेवटी आम्ही २८ सेंटिमीटरचा एक जाड तवा घेतला. सात नगांच्या सेटपेक्षा तो स्वस्त पडला, आणि एका-एका तव्याच्या हिशेबानं महाग. उरलेल्या पैशांत बिडाची एक लहान कढई घेतली, ती लाल भाजीसाठी आणि लोह पोटात जावं म्हणून. कढईची किंमत सांगताना दुकानदारानं ती तागडीवर ठेवली नाही, पण मी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि तो समजून हसला.

आईच्या त्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर नाही. थर निघाला की नवा थर लावून देणारा माणूस नाक्यावर बसत नाही. थर द्यायची रीत अशी: ॲल्युमिनियम खडबडीत करायचं, एकावर एक फवारे मारायचे आणि चारशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचं. झाडाखाली भाता लावून हे होणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्या वसाहतीत पोलादाला रंग चढवण्यापासून औषधांपर्यंत सगळं होतं, तिथे खरवडलेले तवे गोळा करून नवा थर चढवणारा एखादा छोटा कारखाना चालणार नाही असं नाही. आज ओरखडे पडलेला तवा भंगारवाल्याकडे जातो आणि ॲल्युमिनियमच्या भावानं थोडे पैसे येतात. दुकानांच्या ‘जुनं द्या, नवं घ्या’ योजनांत थोडे जास्त. पितळेच्या मोडीशी त्याची तुलना होत नाही, तरी तवा नुसता कचऱ्यात टाकण्यापेक्षा तेही बरं. भाचीला मी एवढंच सांगून ठेवलंय की तव्याचा मधला भाग पांढुरका दिसू लागला आणि घावन ओढून काढावं लागलं, की त्याच्यावर आणखी वर्ष काढायच्या मागे लागू नकोस. योजना दिवाळीच्या सुमारास लागतात, तोवर जुना तवा जपून ठेव आणि जाताना मला फोन कर, मीही येते.